घड्याळामागची पाकिटं

फुग्लोय, फारो बेटं, २८ सप्टेंबर १९९७

मोजे परत पाठवलेस. पार्सल उघडलंसुद्धा नाहीस. माझी गाठ जशीच्या तशी होती, आणि ती मेंढीचे पाय बांधायची गाठ आहे, दुसऱ्या कुणाला सुटत नाही. पाच वर्षांत तुझ्याकडून या घरात आलेली ही पहिली वस्तू, आणि तीही माझीच.

तर सुन्वा, आता तुझी खुशाली. ती विचारत नाही, कारण समोरची मालान रोज सांगते. तिचा पोरगा हिल्मार तिकडे डेन्मार्कात, तुमच्या एस्ब्यर्गच्या बंदरात कामाला आहे हे बरं झालं. हे पत्र मी त्याच्या नावानं पाठवते आहे, तो तुझ्या हातात देईल. मला शाळा सात हिवाळे, त्यातही मास्तर एक आठवडा यायचा आणि दोन आठवडे नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. तुला मीच शिकवलं आहे.

मालान म्हणते तू बेकरीत उभी असतेस, कोबी खातेस, बीअर पितेस, आणि गोळ्या कधीच्या फेकून दिल्यास. दोन वर्षांत पोटाची एक तक्रार नाही. "पोर बरी झाली गं," म्हणते. मला आनंद झाला. लिहून ठेवते, कारण तोंडानं मी हे म्हणणार नाही.

इस्पितळाकडून तुझ्या नावाचं आणखी एक पाकीट आलं आहे. त्र्याण्णवात एक आलं, पंच्याण्णवात एक, आता हे तिसरं. उघडलेलं नाही. तिन्ही घड्याळामागे आहेत, जिथे तुझ्या आजोबाची असायची. आलीस की बघ.

माझं म्हणशील तर ठीक. स्कर्टला दोन पिना लावाव्या लागतात. मालान म्हणाली, "एल्स्पा, तू निम्मी झालीस." म्हटलं, या गावाला निम्मीच पुरे. आता अकराच घरांत दिवा लागतो.

पुढच्या महिन्यात मेंढ्या कापायच्या. यंदा आतडी धुवायला बायका कमी आहेत. हे आपलं कळावं म्हणून. बोलावणं नव्हे.

तुझी आजी


फुग्लोय, १९ ऑक्टोबर

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, पण हिल्मारनं मालानला फोनवर सांगितलं की तू पत्र घेतलंस आणि एप्रनच्या खिशात घातलंस. म्हणजे फाडलं नाहीस. चल, मोज्यांपेक्षा पत्राचं नशीब बरं.

कापणी झाली. एकवीस मेंढ्या. मी कापायच्या खोलीत पडले. जमीन ओली होती, बाकी काही नाही. मालाननं आरडाओरडा करून गाव गोळा केलं, जसं काही बोटच उलटली. "पांढरी पडली, पांढरी पडली!" म्हटलं, सत्तरीची बाई गुलाबी असते का कधी?

डॉक्टर हेलिकॉप्टरनं येतो त्या दिवशी त्याला दाखव म्हणून सगळे मागे लागले आहेत. दाखवीन. त्यालाही काम हवं.

एक गंमत सांगते. मालानची धाकटी सून यंदा पहिल्यांदा आतडी धुवायला बसली. क्लाक्सविक शहराची मुलगी, हातात रबरी मोजे, नाक असं वर. एक आतडं उलटं करून मला दाखवते, "हे बघा, किती गुळगुळीत! हे सगळ्यात स्वच्छ." म्हटलं, टाक ते. ती बघतच राहिली. तुला मी शिकवलं होतं, आठवतं का? चांगल्या आतड्याला आतून चुण्या असतात, बोटाला लागतात. जे आतडं आजारून बरं होतं, पुन्हा आजारतं, पुन्हा बरं होतं, त्याच्या चुण्या जातात. दिसतं स्वच्छ. चरबी भरायला घेतलं की बोटाखाली फाटतं.

तुला चांगलं यायचं ते काम. तू जाताना सुरी ज्या खिळ्याला टांगलीस तिथेच आहे. कुणी वापरत नाही. म्हणजे मी वापरू देत नाही.

आजी


तोर्सहाव्न, ११ नोव्हेंबर

वरचं गावाचं नाव बघून दचकू नकोस. मी इथे दात बसवायला आले आहे.

हेलिकॉप्टर दातांसाठी येत नाही हे तुला माहीत आहे. असो.

धुकं पडलं आहे. पाच दिवस झाले, उडायचं काही नाही, आणि बोटीत चार तास बसायचं तर नकोच. खोलीत आठ खाटा. दाराजवळची खाट मी भांडून घेतली. सांगितलं की मला खिडकीची भीती वाटते. शेजारी सांदोय बेटावरची एक बाई आहे, सारखी कण्हते, तिलाही दाराजवळचीच हवी होती. ती म्हणाली तिला दाराशी वारा बरा लागतो. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. कुठलं दार, कशाला जवळ हवं, दोघींना समजलं. 

इथे राग्ना नावाची सिस्टर आहे. चांगली दणकट बाई, हात बर्फाचे. काल माझं नाव लिहून घेताना थांबली.

"एल्स्पा, फुग्लोयची सुन्वा तुमची कोण?"

"नात. का?"

"आमच्या यादीत आहे ती. दर दोन वर्षांनी तपासणीचं बोलावणं जातं, तुमच्याच पत्त्यावर. येत का नाही?"

"कामात असते."

"पण तुमच्याकडेच राहते ना?"

"राहते. सध्या बाहेर आहे."

"कधीपासून?"

"झाले काही दिवस. आणि ही उशी आहे की दगड?"

तुझा आजोबा नऊ-नऊ महिने ग्रीनलंडच्या समुद्रावर असायचा तेव्हा पाद्र्याला मी हेच सांगायची. सध्या बाहेर आहे. खोटं नव्हतं ते.

एक विचारायचं आहे. नळी घालून तुझं आतडं शेवटचं कधी बघितलं? ब्याण्णवच्या मे महिन्यात, बरोबर? त्या जुलाबाच्या औषधावरून तू रात्रभर मला शिव्या दिल्यास. त्यानंतर तिकडे डेन्मार्कात कुणी बघितलं का? मोठं पत्र नको. हिल्मारला हो किंवा नाही एवढंच सांग. तो मालानला सांगेल, मालान इथे फोन करेल. ती तसाही करतेच.

आजी


तोर्सहाव्न, २४ नोव्हेंबर

मालानचा फोन आला. तुझा निरोप तिनं शब्दाला शब्द सांगितला, तिखटासकट: "म्हातारीला सांग, मी ठणठणीत आहे. मला नळीची गरज नाही."

ठणठणीत. दहा वर्षं मीही हेच म्हणत होते.

दात वगैरे काही नाही. माझंही आतडं तुझ्यासारखंच आहे. तुझ्यासारखं कसलं, तुझं माझ्यासारखं. मी एकतिसाव्या वर्षी पहिल्यांदा रक्त बघितलं. योहिल्ड, तुझी आई, तेव्हा शाळेत जात होती. मी कुणाला बोलले नाही. तुझ्या आजोबालाही नाही. तो बिचारा घरी असायचाच किती. चाळीस वर्षं झाकलं, आणि झाकताही काय छान आलं मला.

लोक म्हणायचे, एल्स्पाचा गावावर केवढा जीव, कधी बेट सोडत नाही. गावावर कसला डोंबलाचा जीव! घरापासून संडासापर्यंत अकरा पावलं, चर्चमधून बाहेर नऊ, तेही शेवटच्या बाकावर बसलं तर. मेंढ्या हाकायला डोंगरावर जायचं तर आदल्या दिवशी पाणीसुद्धा नाही. तुझ्या आईचं लग्न शेजारच्या बेटावर होतं, आणि मी गेले नाही. सगळ्यांना वाटलं जावई पसंत नाही. जावई पसंत नव्हताच, पण गेले असते. बोटीत आडोसा कुठे होता? समुद्राला कुंपण लागत नाही म्हणतात. माझं कुंपण माझ्या पोटात होतं आणि मी त्याला घर म्हणत होते.

मग साठीला ते गप्प झालं. रक्त नाही, कळा नाहीत, रात्री सरळ झोप. मला वाटलं, दमलं बिचारं, सोडलं एकदाचं मला. कोबी खाल्ला. आंबवलेलं मांस खाल्लं. तूही आता कोबी खातेस.

इथल्या डॉक्टरनं नळीतून बघितलेलं आतडं मला पडद्यावर दाखवलं. तरुण आहे, डेन्मार्कचा, फारोई बोलतो तर वाटतं तोंडात गरम बटाटा आहे. म्हणाला, "बघायला जमेल ना तुम्हाला?" म्हटलं, अरे, तू आयुष्यात जेवढी जोडी बूट घातले असशील त्याहून जास्त आतडी मी धुतली आहेत. आणि बघितलं तर काय, सुन्वा, गुळगुळीत. एक चुणी नाही. मालानच्या सुनेला आवडलं असतं.

मी म्हटलं, "हे टाकायचं आतडं आहे."

त्यानं चित्र एका जागी थांबवलं. मग म्हणाला, "हो. काढून टाकावं लागेल. एका जागी कॅन्सर आहे. आणखी दोन जागा त्याच वाटेवर आहेत."

मी विचारलं, आग तर दहा वर्षांपूर्वी विझली, मग हे आत्ता कुठून आलं? त्यानं बरंच सांगितलं. मी त्याला म्हटलं, थांब, मला कळलं तसं सांगते, चुकलं तर बोल. मोज्याची टाच झिजली की मी तिथे नवी वीण घालते. पुन्हा झिजली, पुन्हा घालते. तीच टाच वर्षानुवर्षं विणत राहिलं की कधीतरी एक टाका चुकतो. आणि चुकलेल्या टाक्यावर पुढची वीण चढते ती सगळी वाकडी. असंच ना?

तो म्हणाला, "असंच. रोग सुरू होऊन आठ-दहा वर्षं झाली की असा टाका चुकायची शक्यता वाढत जाते. सगळ्यांचा चुकत नाही, बहुतेकांचा नाहीच. पण म्हणून तर दर एक-दोन वर्षांनी आत बघायचं. चुकलेला टाका वेळेवर सापडला तर निभावतं."

"आणि चुकला ते दुखतं का?"

"नाही. तोच तर घोटाळा आहे. बरं वाटत असताना चुकतो."

तुला हा रोग पंधराव्या वर्षी लागला. आता अठ्ठावीस. बोटं मोज. माझी मोजून झाली आहेत.

परवा मला कापणार आहेत. मागे राहू नये म्हणून एक सांगून टाकते. पाच वर्षांपूर्वीच्या त्या ऑक्टोबरात कापणीच्या दिवशी तू चार वेळा हातातलं टाकून बाहेर पळालीस. चौथ्यांदा आलीस तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं, "हिच्यापेक्षा मेंढीचं आतडं बरं, एकदाच रिकामं होतं." सगळे हसले. मालान तर पाटीवर पडून हसली. तू हात धुतलेस, सुरी टांगलीस, आणि बुधवारच्या बोटीनं गेलीस.

मी त्या दिवशी उभी राहू शकले कारण दोन दिवस उपाशी होते. पोट तेव्हा गप्पच होतं, पण चाळीस वर्षांची भीती गप्प होत नाही. तुझ्याकडे बघून हसले की माझ्याकडे कुणी बघणार नाही, हा हिशेब होता माझा. माफी मागत नाही. माफी मागून तू आत बघायला जाणार असतीस तर मागितली असती.

आजी


फुग्लोय, १७ जानेवारी १९९८

मेले नाही. मालाननं कळवलंच असेल.

मोठं आतडं सगळं काढलं. आता पोटाला उजव्या बाजूला भोक आहे, त्यावर पिशवी. ती भरते तेव्हा भरते, मला विचारत नाही. पहिल्या दिवशी मी तिला शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी दार कुठे आहे हे न बघता बसले आहे. बोटीनं घरी आले. चार तास! सगळ्या लाटा बघितल्या. बोटवाल्या दान्यालनं मला धक्क्यावर पोत्यासारखं उचलून ठेवलं आणि म्हणाला, "काय म्हातारे, हलकी झालीस." म्हटलं, सामान कमी केलंय.

रोग बाहेर किती गेला ते वसंतात कळेल. ते माझं मी बघीन.

काल मालान आली. डोक्यात बरेच दिवस होतं, म्हटलं ही पाकिटं हिच्याकडून वाचून घ्यावी, मला डॅनिश धड येत नाही. पण वाचायला द्यायची तर सगळंच सांगावं लागणार. तोंड उघडलं. चाळीस वर्षांचं सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. ती कॉफीत साखरेचा खडा बुडवत बसली होती. म्हणाली, "झालं? मला वीस वर्षं माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"अगं, तुझ्या संडासाचं दार माझ्या गोठ्यासमोर आहे. मी रोज दोनदा दूध काढायची."

"मग बोलली का नाहीस, भवाने?"

"तू माझ्या नवऱ्याच्या बाटल्यांबद्दल कधी बोललीस?"

हे असं आहे गाव. सगळ्यांना सगळं माहीत, आणि प्रत्येक जण आपापल्या दारामागे कडी लावून.

मग तिनं घड्याळामागून पाकिटं काढली. धूळ झटकली. एक उघडून वाचलं: तपासणीची तारीख, यायची वेळ, आणि खाली लिहिलेलं, येणं जमत नसेल तर कळवा, पत्ता बदलला असेल तर कळवा. तिन्हींत तेच. मालाननं मला विचारलं, "एल्स्पा, ही तू पाठवली का नाहीस? पत्ता तर तुझ्याकडे होता. मोजे पाठवलेस."

मोजे वेगळे. मोजे मी केलेले. ही या घरी आलेली टपाल.

तुला हे कुणी सांगितलं नसेल. माझी सासू मी लग्न होऊन आले तेव्हा म्हणाली होती, समुद्रावर गेलेल्याची टपाल त्याच्यामागे पाठवायची नाही. घड्याळामागे ठेवायची. पाठवली की माणूस तिथलाच होतो. शेजारच्या बाईनं नवऱ्याची पाठवली होती, तो आइसलंडलाच राहिला, तिथे दुसरी केली. या गावात कुणी पाठवत नाही. तुझ्या आजोबाची मी एकही पाठवली नाही आणि तो प्रत्येक वेळी आला, शेवटी याच पलंगावर मेला. मग तुझं पहिलं पाकीट आलं. मी ते घड्याळामागे ठेवलं आणि मला बरं वाटलं. टपाल आहे म्हणजे तू येणार. दुसऱ्याला तसंच वाटलं. तिसऱ्याला तर मी घड्याळच पुसलं.

तू परत यावीस म्हणून मी तुला आत बघायला जाऊ दिलं नाही. पाच वर्षं. हे मला कापायच्या टेबलावर कळलं नाही, काल मालान पाकिटावरची धूळ झटकत होती तेव्हा कळलं. तिच्यासमोर रडले नाही. ती गेल्यावर मेंढ्यांना गवत घातलं.

आज सकाळी मी राग्ना सिस्टरला फोन केला. म्हटलं, मी एल्स्पा, फुग्लोयची. माझ्या नातीचा पत्ता लिहून घ्या.

ती म्हणाली, "का? बाहेरगावी आहे ना?"

मी म्हटलं, "नाही. सुन्वा इथे राहत नाही."

हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले. पुन्हा एकदा बोलायला लागलं, कारण लाइनवर खरखर होती.

ती तुझे कागद एस्ब्यर्गच्या इस्पितळाकडे पाठवणार आहे. पण तू हो म्हटल्याशिवाय नाही पाठवता येत म्हणाली, तुझं उत्तर लेखी पाहिजे. मी म्हटलं, मी तिची आजी, मी सही करते. "नाही चालत, एल्स्पा. मोठी आहे ती." म्हटलं, बाई, तुम्ही तिला बघितलेलं नाही. तरी नाही म्हणाली.

तिन्ही पाकिटं यात घातली आहेत. ही तुझ्यामागे पाठवलेली टपाल आहे. म्हणजे झालीस तू तिथली. हो. तिथे बेकरीत उभी राहा, बीअर पी, तिथलाच कुणी तोंडात बटाटा धरलेला बघ. माझ्याकडे यायची गरज नाही. पण मला झालं ते तुला होऊ नये, आणि झालंच तर लहान असताना सापडावं, एवढं माझं ऐक. या आधीचं काही ऐकलं नाहीस तरी चालेल.

तपासणीत काही सापडणार नाही, असं मी लिहिणार नाही. मला माहीत नाही. तुला बरं वाटतं यावरून तुलाही माहीत नाही. नळी घातल्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

मोजेही परत पाठवते आहे. यावेळी गाठ साधी मारली आहे, कुणालाही सुटेल.

आता नीट वाच. मला उत्तर लिहायचं नाही. हिल्मारकडून निरोप नको, मालानच्या फोनवर ठणठणीत वगैरे नको. शेवटच्या पाकिटात खाली राग्ना सिस्टरचा पत्ता आहे. कागद घे, तुझ्या स्वतःच्या हातानं, मी शिकवलेल्या अक्षरात, हो म्हणून लिही आणि उत्तर तिला दे.